एक चेहरा, अनेक चित्रे : संपादकीय चित्रांतील पात्रसातत्य आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

दूरदर्शनच्या 'डीडी किसान' वाहिनीने २६ मे २०२४ रोजी, आपल्या वाटचालीची नऊ वर्षे पूर्ण होत असताना, 'एआय कृष' आणि 'एआय भूमी' हे दोन संगणकनिर्मित वृत्तनिवेदक प्रेक्षकांसमोर आणले. हे निवेदक देशी-विदेशी मिळून पन्नास भाषांत बोलू शकतात आणि न थकता अहोरात्र वृत्तवाचन करू शकतात, असे त्यावेळी जाहीर करण्यात आले. त्यापूर्वी मार्च २०२३ मध्ये नोएडा येथून प्रसारित होणाऱ्या 'आज तक' वाहिनीच्या समूहाने 'सना' या निवेदिकेची ओळख करून दिली होती. राजधानी परिसरातील या दोन्ही प्रयोगांची चर्चा प्रामुख्याने 'यंत्र बातम्या वाचते' या अंगाने झाली. प्रत्यक्षात त्यांचे अधिक महत्त्वाचे वैशिष्ट्य साधे आहे. आज दिसलेली भूमी उद्याही भूमीच दिसते. तिचा चेहरा, केशरचना आणि आवाज बदलत नाही, म्हणूनच प्रेक्षक तिला नावाने ओळखू लागतो.

या गुणाला 'पात्रसातत्य' असे म्हणता येईल. दूरचित्रवाणीवरील निवेदकाच्या बाबतीत ते तुलनेने सुकर असते, कारण कॅमेऱ्याचा कोन, प्रकाश आणि पार्श्वभूमी यांत फारसा बदल होत नाही. मासिक, वृत्तपत्र, पुस्तिका किंवा भित्तिपत्रक यांतील चित्रांची गोष्ट निराळी आहे. तेथे तेच पात्र एका पानावर विहिरीच्या काठावर, दुसऱ्या पानावर बँकेच्या रांगेत, तर तिसऱ्या पानावर ग्रामसभेत हात उंचावून उभे असते. वाचकाने त्याला प्रत्येक ठिकाणी ओळखावयाचे असते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रतिमानिर्मिती साधनांना नेमके हेच दीर्घकाळ जमत नव्हते. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत ते बऱ्याच अंशी जमू लागले. त्यामुळे शासकीय प्रसिद्धी, शिक्षण आणि पत्रकारिता या तिन्ही क्षेत्रांत काही नवे प्रश्न उभे राहिले असून विज्ञान-तंत्रज्ञान, शासनव्यवहार आणि नीतिशास्त्र या अभ्यासघटकांशी त्यांचा थेट संबंध येतो.

हाताने घडविलेली परंपरा

स्थिर पात्र निर्माण करून त्याच्या मुखातून, किंवा त्याच्या मौनातून, सार्वजनिक विषय मांडण्याची परंपरा भारतात जुनी आहे. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला 'कॉमन मॅन' १९५१ पासून 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या वाचकांच्या भेटीला येऊ लागला. या पात्राच्या जन्माची हकिगत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रारंभी लक्ष्मण भारतीय जनतेचे प्रतिनिधित्व करण्यासाठी बंगाली, तमिळ, पंजाबी अशा विविध प्रांतांतील माणसांचा घोळका रेखाटीत असत. वृत्तपत्राची वेळ पाळता पाळता घोळक्यातील माणसे एकेक करून गळत गेली आणि शेवटी एकच वृद्ध गृहस्थ शिल्लक राहिला. देशाचा चेहरा कोणता, हा प्रश्न तेथे घाईने सोडविला गेला. परंतु तो सोडविणारा एक निरीक्षक कलावंत होता.

दिल्लीत केशव शंकर पिल्लई यांनी १९४८ मध्ये सुरू केलेले 'शंकर्स वीकली' १९७५ पर्यंत चालले आणि त्यातून व्यंगचित्रकारांची एक पिढी पुढे आली. त्याच शहरात प्राणकुमार शर्मा यांनी १९६० मध्ये 'मिलाप' या दैनिकासाठी चित्रपट्टी काढण्यास प्रारंभ केला. पुढे १९७१ मध्ये 'लोटपोट' या बालमासिकासाठी त्यांनी 'चाचा चौधरी' हे पात्र घडविले. लाल पगडी, पांढऱ्या भरघोस मिशा, हातातील काठी आणि सोबत गुरू ग्रहावरून आलेला धिप्पाड साबू एवढ्या मोजक्या खुणांवर हे पात्र अर्धशतकाहून अधिक काळ टिकले. या चाचांची बुद्धी संगणकापेक्षाही वेगवान आहे, ही त्या चित्रकथांची ठरलेली बतावणी होती. ज्या काळात ती सुचली त्या काळात देशातील बहुतेक वाचकांनी संगणक पाहिलेलाही नव्हता. २०२१ मध्ये 'नमामि गंगे' कार्यक्रमाने चाचा चौधरी यांना आपले शुभंकर म्हणून स्वीकारले. मराठी वाचकाला याच जातीचे उदाहरण म्हणून १९९१ पासून 'सकाळ'मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आठवेल.

या सर्व पात्रांचे एक समान लक्षण लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांची ओळख चेहऱ्याच्या बारकाव्यांवर आधारलेली नसून थोड्या, ठळक आणि पुनःपुन्हा काढता येण्याजोग्या खुणांवर आधारलेली आहे. वर्तमानपत्राच्या जाडसर कागदावर पसरणाऱ्या शाईतही त्या खुणा ओळखू येत. कुटुंबनियोजन कार्यक्रमाचा १९६० च्या दशकातील लाल त्रिकोण आणि आई, वडील व दोन मुले यांचे चार चेहरे ही याच विचाराची शासकीय परिणती होती. अक्षरओळख नसलेल्या नागरिकालाही दवाखान्याच्या भिंतीवरील ते चित्र 'वाचता' येत असे.

युनिसेफने १९९० च्या दशकात दक्षिण आशियासाठी आणलेली 'मीना' हे या परंपरेतील कदाचित सर्वांत अभ्यासपूर्ण पात्र होय. मुलींचे शिक्षण, पोषण आणि समान वागणूक हे तिचे विषय होते. मुंबईचे ज्येष्ठ सचेतनपटकार राम मोहन यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. मीना भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि नेपाळ या देशांत आपली वाटावी, मात्र कोणा एका देशाची किंवा धर्माची म्हणून ओळखली जाऊ नये, हा पेच होता. त्यासाठी निरनिराळी रेखाचित्रे प्रत्यक्ष मुले आणि पालक यांना दाखवून त्यांच्या प्रतिक्रियांनुसार तिचा वेष, नाव आणि परिसर निश्चित करण्यात आला. यंत्राच्या साह्याने एका दुपारीत पात्र तयार करू पाहणाऱ्या आजच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने हे उदाहरण आवर्जून अभ्यासावे.

यंत्राला तोच चेहरा पुन्हा का काढता येत नाही ?

हा तांत्रिक भाग थोडा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व प्रश्नांचे मूळ त्यात आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या स्वरूपात उपलब्ध झालेले 'स्टेबल डिफ्यूजन' आणि त्याच सुमाराची इतर साधने 'विसरण' या तत्त्वावर चालतात. प्रशिक्षणकाळात यंत्राला मथळ्यांसह कोट्यवधी चित्रे दाखविली जातात. प्रत्येक चित्रात टप्प्याटप्प्याने ठिपक्यांचा गोंधळ मिसळला जातो आणि तो गोंधळ काढून मूळ चित्र कसे परत मिळवावे, हे यंत्र शिकते. वापरकर्त्याने शब्दांत वर्णन दिले की यंत्र निव्वळ ठिपक्यांच्या पटापासून सुरुवात करते आणि त्या वर्णनाशी जुळेल अशा रीतीने एकेका टप्प्याने गोंधळ दूर करीत जाते. शेवटी चित्र उरते.

येथे स्मरणात ठेवावयाची गोष्ट अशी, की या यंत्रापाशी 'व्यक्ती' ही संकल्पना नसते. 'साठ वर्षांची शेतकरी स्त्री' या शब्दांना जुळणारे चेहरे असंख्य आहेत. प्रारंभीचा ठिपक्यांचा पट बदलला की त्यांपैकी निराळाच चेहरा हाती येतो. तो पट ठरविणाऱ्या अंकाला या क्षेत्रात 'सीड' म्हणतात. अंक तोच ठेवून वर्णनही तेच दिले तर चित्र तेच येते. परंतु वर्णनात 'विहिरीकाठी' ऐवजी 'बँकेत' असे लिहिताच केवळ पार्श्वभूमी बदलत नाही, तर नाक, भुवया आणि वयही सरकते. शब्द आणि चेहरा यांची गाठ सैल असल्याचा हा परिणाम होय.

ही गाठ घट्ट करण्याचे प्रयत्न निरनिराळ्या दिशांनी झाले. पहिला मार्ग लहानसे पुनर्प्रशिक्षण देण्याचा. गूगलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलेल्या 'ड्रीमबूथ' पद्धतीत एखाद्या व्यक्तीची किंवा वस्तूची अवघी तीन ते पाच चित्रे देऊन यंत्राला त्यासाठी एक खास शब्द शिकविता येतो. 'लोरा' ही पद्धत मुळात २०२१ मध्ये भाषा-प्रतिमानांसाठी मांडली गेली. तीत संपूर्ण यंत्र न बदलता त्याला एक छोटी जोड दिली जाते. हिशेबाच्या मोठ्या वहीला हात न लावता तिच्यात दुरुस्तीची एक चिठ्ठी जोडावी, तसा हा प्रकार आहे. दुसरा मार्ग संदर्भचित्राचा. येथे पुनर्प्रशिक्षण होत नाही. पात्राचे एक चित्र शब्दांच्या जोडीने यंत्राला दाखविले जाते. 'मिडजर्नी'ने मार्च २०२४ मध्ये पात्रासाठी अशी स्वतंत्र सोय दिली. 'कंट्रोलनेट' या २०२३ मधील पद्धतीने शरीराची ठेवण रेषांच्या सांगाड्यातून ठरविता येऊ लागली. २०२५ मध्ये संभाषणातून चित्र सुधारणारी प्रतिमाने आली. ओपनएआयचे मार्च महिन्यातील साधन आणि गूगलचे ऑगस्ट महिन्यात आलेले, 'नॅनो बनाना' या टोपणनावाने गाजलेले साधन ही त्यांतील ठळक नावे. 'हीच बाई आता बसस्थानकावर दाखव' एवढे सांगितले तरी चेहरा बव्हंशी टिकून राहतो.

'बव्हंशी' हा शब्द येथे हेतुतः वापरला आहे. चेहरा टिकतो, तपशील टिकतीलच असे नाही.

तपशिलांची गळती

समजा, राजधानीतील एखाद्या प्रसिद्धी कक्षाला जलसाक्षरतेच्या पुस्तिकेसाठी महाराष्ट्रातील एका गावच्या पाणीपुरवठा समितीच्या सदस्य स्त्रीचे पात्र हवे आहे. पुस्तिकेत बारा चित्रे असून तिचे अनेक भाषांत रूपांतर व्हावयाचे आहे. केवळ 'भारतीय ग्रामीण स्त्री' असे लिहिल्यास यंत्र बहुधा रंगीबेरंगी घागरा-ओढणी, डोक्यावर पितळी घडा आणि मागे वाळवंट किंवा मातीची झोपडी असे चित्र पुढे करील. असे होण्याचे कारण उघड आहे. प्रशिक्षणासाठी जमविलेल्या चित्रांत पर्यटन आणि परदेशी छायाचित्रण यांतून आलेली भारताची प्रतिमा विपुल आहे. नळाला तोटी बसविणाऱ्या किंवा पाणीपट्टीच्या पावत्या फाडणाऱ्या समिती सदस्याची छायाचित्रे मात्र विरळ आहेत. 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' या नियतकालिकाने २०२३ मध्ये विविध देशांविषयी तीन हजार यंत्रनिर्मित चित्रे तपासली. त्यांत 'एक भारतीय व्यक्ती' या वर्णनातून जवळजवळ प्रत्येक वेळी दाढीवाला वृद्ध पुरुषच समोर आला होता.

म्हणून वर्णन नेमके करावे लागते. सहावारी साडी, डाव्या खांद्यावरून मागे गेलेला पदर, काळ्या मण्यांचे दोन पदरी मंगळसूत्र, कपाळावर लहान गोल कुंकू, नाकात चमकी, हाती हिरव्या बांगड्या, पायात साध्या चपला असे लिहिल्यावर पहिले चित्र समाधानकारक येते. खरी परीक्षा दुसऱ्या चित्रापासून सुरू होते. पाचव्या चित्रात पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो आणि महाराष्ट्रातील बाई गुजरातेतील भासू लागते. सातव्या चित्रात चमकी दुसऱ्या नाकपुडीत जाते, तर नवव्या चित्रात मंगळसूत्र नाहीसे होते. शहरी संपादकाला ही चूक किरकोळ वाटेल. ज्या गावात पुस्तिका वाटली जाणार तेथील वाचक स्त्रियांना मात्र या पानामध्ये बाईचा नवरा वारला की काय, असा प्रश्न पडेल. पाणी समितीच्या विषयावरून लक्ष उडण्यास एवढे कारण पुरेसे आहे. भिंतीवरील फलकाचा प्रश्न तर वेगळाच. देवनागरी जोडाक्षरे यंत्राकडून अद्यापही वारंवार बिघडतात आणि 'ग्रामपंचायत' हा शब्द चित्रात भलत्याच रूपाने अवतरतो. फलकावरील अक्षरे यंत्राकडून न काढवता मागाहून स्वतंत्रपणे जोडणे हाच तूर्त शहाणपणाचा मार्ग होय.

अशा गळतीवरील उपाय नवा नाही. सचेतनपटांच्या कार्यशाळांत पात्राचे 'मॉडेल शीट' तयार करण्याची रीत अनेक दशकांची आहे. त्यात एकच पात्र समोरून, बाजूने व पाठीमागून, तसेच हसताना, रागावताना आणि विचार करताना काढलेले असते. पोशाखाचे रंग व दागिन्यांच्या जागा नोंदविलेल्या असतात आणि इतर पात्रांच्या तुलनेत उंचीही दाखविलेली असते. यंत्रासाठी संदर्भचित्र म्हणून असे पत्रक दिले की परिणाम लक्षणीय सुधारतो. म्हणजे ज्या साधनामुळे चित्रकाराची गरज उरणार नाही असे म्हटले जाते, त्या साधनाला नीट चालण्यासाठी प्रथम चित्रकाराचेच काम लागते. शिवाय छायाचित्राप्रमाणे भासणाऱ्या पात्रापेक्षा रेखाचित्राच्या शैलीतील पात्र अधिक स्थिर राहते. चाचा चौधरींची पगडी आणि लक्ष्मण यांच्या पात्राचा कोट येथे पुन्हा आठवावा. खुणा थोड्या आणि ठळक असतील, तर चुकण्यासारखेही थोडेच उरते.

खऱ्यासारखे आणि खरे

रेखाचित्राची शैली पसंत करण्यास याहून गंभीर असे दुसरे कारण आहे. छायाचित्र हे पुरावा म्हणून पाहिले जाते. 'या योजनेच्या लाभार्थी' अशा मथळ्याखाली छायाचित्रासारखा दिसणारा एक प्रसन्न चेहरा छापला, तर वाचक अशी बाई कोठेतरी आहे असे गृहीत धरतो. ती अस्तित्वातच नसेल, तर चित्र देखणे असूनही विधान असत्य ठरते. योजनेचा लाभ खरोखर पोहोचलेल्या स्त्रिया असताना त्यांच्या जागी काल्पनिक चेहरा वापरणे म्हणजे त्यांचे श्रेय पुसून टाकणेच आहे. याउलट, रेखाचित्रातील पात्र वाचकाशी प्रामाणिक असते. ते आपण चित्र असल्याचे लपवीत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेला याचा अनुभव आला. कोलंबियातील २०२१ च्या आंदोलनांविषयीच्या प्रसिद्धीसाठी संस्थेने यंत्रनिर्मित चित्रे वापरली. निदर्शकांची ओळख उघड होऊ नये हा त्यामागील हेतू रास्त होता आणि चित्रे यंत्रनिर्मित असल्याची सूचनाही दिलेली होती. तथापि, चित्रातील राष्ट्रध्वजाच्या पट्ट्यांचा क्रम चुकला होता. टीका झाल्यावर चित्रे मागे घेण्यात आली. संस्थेने कष्टाने जमविलेल्या साक्षींवरच त्यामुळे शंका घेतली जाऊ शकते, हा टीकेचा मुख्य रोख होता. पीडितांची ओळख झाकण्याची गरज भारतीय पत्रकारितेतही नित्य भासते. तेथे काळी आकृती किंवा साधे रेखाचित्र अधिक सुरक्षित ठरते.

केंद्र सरकारने या दिशेने नियमही केले आहेत. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मधील सुधारणा १० फेब्रुवारी २०२६ रोजी अधिसूचित झाली आणि ती २० फेब्रुवारीपासून अंमलात आली. तीत 'संश्लेषित माहिती'ची व्याख्या देण्यात आली असून अशा मजकुरावर ठळक सूचना असणे व त्याच्या उगमाची खूण फायलीतच जोडलेली असणे अपेक्षित आहे. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात दृश्याच्या किमान दहा टक्के भागावर सूचना असावी, अशी तरतूद होती. अंतिम नियमांत ती वगळण्यात आली. परीक्षार्थींनी दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. हे नियम मुख्यतः समाजमाध्यमांसारख्या मध्यस्थांवर जबाबदारी टाकतात, छापील पानावर नव्हे. दुसरे असे, की व्याख्येचा रोख खऱ्या व्यक्तीसारख्या किंवा घटनेसारख्या भासणाऱ्या दृश्यावर आहे. रेखाटलेले पात्र आणि छायाचित्रसदृश पात्र यांतील भेद अशा प्रकारे कायद्याच्या भाषेतही उतरला आहे. छापील प्रकाशनाने कायद्याची वाट न पाहता चित्राखाली एक ओळ छापणे, हे केव्हाही श्रेयस्कर.

पात्र कोणाचे ?

पात्राच्या मालकीसंबंधी दिल्ली उच्च न्यायालयाचा १९९६ मधील एक निर्णय परीक्षेच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे. दिल्लीतील राजा पॉकेट बुक्स या प्रकाशनाच्या 'नागराज' या चित्रकथा-नायकाशी मिळताजुळता 'नागेश' हा नायक राधा पॉकेट बुक्सने बाजारात आणला होता. नावांतील व रूपांतील साम्य विचारात घेऊन न्यायालयाने 'नागेश'ला मनाई केली. चित्रित पात्राला स्वतःचे असे संरक्षण मिळू शकते, हे या प्रकरणातून पुढे आले.

पात्र यंत्राने काढलेले असेल तर? प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम २ (घ) (सहा) सांगते, की संगणकनिर्मित कलाकृतीच्या बाबतीत जी व्यक्ती ती कृती निर्माण करविते ती 'कर्ता' होय. ही तरतूद आजच्या साधनांपूर्वीची आहे. त्यावेळी संगणक कुंचल्यासारखा वापरला जाई. आज 'निर्माण करविणारा' म्हणजे वर्णन लिहिणारा संपादक, साधन पुरविणारी कंपनी की ज्यांच्या चित्रांवर यंत्र शिकले ते कलावंत, याचे निर्विवाद उत्तर कायद्यात मिळत नाही. २०२० मध्ये 'राघव' नावाच्या संगणकप्रणालीचा सहकर्ता म्हणून उल्लेख असलेल्या 'सूर्यास्त' या चित्राची नोंदणी भारतीय कार्यालयाने केली. पुढील वर्षी ती मागे घेण्याबाबत नोटीसही काढली.

अमेरिकेत तर हा प्रश्न नेमका सातत्य असलेल्या पात्राच्या संदर्भातच उपस्थित झाला. 'झार्या ऑफ द डॉन' या चित्रकथेतील सर्व चित्रे 'मिडजर्नी'ने केलेली होती. तेथील प्रतिलिप्यधिकार कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये असा निर्वाळा दिला, की कथेचा मजकूर आणि चित्रांची निवड व मांडणी यांना संरक्षण आहे, परंतु एकेका चित्राला नाही. एखाद्या शासकीय मोहिमेने संपूर्णतः यंत्रनिर्मित शुभंकर स्वीकारला आणि उद्या त्याच चेहऱ्याने कोणी बनावट अर्ज विकू लागला, तर त्याला रोखण्याचा आधार किती भक्कम असेल, हा विचार शुभंकर निवडण्यापूर्वीच करावयास हवा.

खऱ्या माणसाच्या छायाचित्रावरून पात्र घडविणे हा आणखी नाजूक भाग. प्रसिद्ध अभिनेते अनिल कपूर यांच्या चेहऱ्याचा व आवाजाचा यंत्राद्वारे गैरवापर करण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मनाई केली. अशा दाव्यांत न्यायालयात जाणारी मंडळी नामवंत असतात. ज्या शेतकऱ्याचे छायाचित्र एखाद्या मेळाव्यात काढले गेले आणि पुढे संदर्भचित्र म्हणून यंत्राला दिले गेले, त्याला आपला चेहरा कोणत्या जाहिरातीत हसत आहे याची वार्ताही लागणार नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने अनुच्छेद २१ खाली मान्य केलेला खासगीपणाचा हक्क मात्र त्यालाही तितकाच लागू आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याने संमतीला मध्यवर्ती स्थान दिले आहे. त्याच्या भाषेत लिहिलेली, त्याला वाचून दाखविलेली संमती घेणे हे कार्यालयीन कामकाजात अशक्य कोटीतील नाही.

चित्रकाराचा करार

सातत्यासाठी लागणारे 'मॉडेल शीट' चित्रकार काढून देतो आणि त्यावर 'लोरा' पद्धतीने यंत्र शिकविले जाते. त्यानंतर बारा चित्रांचे काम मिळण्याऐवजी त्याला एका पत्रकाचे मानधन मिळते, तर उरलेली चित्रे, आणि पुढील वर्षांचीही, यंत्र काढते. राजधानी परिसरात मुक्तपणे काम करणाऱ्या चित्रकारांसमोर हा व्यवहार आता उभा आहे. त्याला सरसकट विरोध करणे व्यवहार्य नाही. परंतु तो अबोलपणे होऊ देणे न्याय्यही नाही.

कायद्यातील विद्यमान तरतुदी येथे वाटतात त्याहून अधिक उपयोगी आहेत. कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि कालावधी नमूद नसल्यास तो पाच वर्षांचा मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये असे जोडले, की हस्तांतरणाच्या वेळी अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला वा उपयोगाच्या प्रकाराला ते हस्तांतरण लागू होत नाही, जर तसा स्पष्ट उल्लेख नसेल. एखाद्या प्रकाशनसंस्थेने २०१५ साली विकत घेतलेल्या चित्रांवर आज यंत्र शिकवावयाचे ठरविले, तर चित्रकाराच्या वतीने याच परंतुकाचा आधार घेता येईल. नव्या करारांत मात्र 'यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापर' हा शब्दप्रयोग, त्याचा स्वतंत्र मोबदला आणि पात्राच्या प्रत्येक प्रकाशनात चित्रकाराचे नाव या तीन गोष्टी लिहून घेणे इष्ट.

सरकारी सेवेतील चित्रकारांची स्थिती वेगळी आहे. कलम १७ नुसार शासकीय कृतीचा पहिला मालक शासन असते. जाहिरात व दृश्य प्रसिद्धी संचालनालय २०१७ मध्ये इतर दोन शाखांसह एकत्र करण्यात आले आणि ते आज केंद्रीय संचार ब्युरोचा भाग आहे. या संचालनालयाने स्वातंत्र्योत्तर काळात काढलेली भित्तिपत्रके याच प्रकारात मोडतात. शासकीय कृतींना प्रकाशनानंतर साठ वर्षे संरक्षण असते. म्हणजे १९६० च्या दशकातील आरंभीची भित्तिपत्रके आता सर्वांसाठी खुली होऊ लागली आहेत. देशी वेषभूषा, अवजारे आणि घरे यांचा हा साठा नीट सूचीबद्ध होऊन प्रशिक्षणासाठी उपलब्ध झाला, तर यंत्राच्या डोळ्यासमोर घागरा आणि पितळी घड्याखेरीज काही अन्य भारतही येईल. मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर झालेल्या 'इंडिया एआय' अभियानात माहितीसंचांसाठी स्वतंत्र विभाग आहेच.

चाचा चौधरींच्या बाबतीत मुदत निराळी आहे. प्राण यांचे निधन ५ ऑगस्ट २०१४ रोजी झाले. कलम २२ प्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजावयाची असल्याने त्यांची रेखाटने २०७४ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहतील. एखाद्या खात्याला लाल पगडीचे हे गृहस्थ आपल्या पुस्तिकेत हवे असतील, तर यंत्राला त्यांचे वर्णन लिहून देण्यापूर्वी हक्कधारकांशी करार करावा लागेल.